मोजा

आमच्या देशात दुधाच्या खोक्यावर तीन भाषा असतात.
चौथी नोटेवर असते,
म्हणजे खर्चून टाकायच्या कागदावर.

त्या चौथीत आजोबा जन्मले,
इन नदीच्या काठी, शेवटून दुसऱ्या घरात.
गिलाव्यावर खिळ्यानं कोरलेले मासे आणि सूर्य
तिथे अजून आहेत. घर विकलं.
स्कीइंगला येणारं एक कुटुंब
वर्षातले सोळा दिवस त्या माशांखाली झोपतं.

आजोबा, लिनार्ड त्यांचं नाव, क्रमानं विसरत गेले.
आधी फ्रेंच गेली, लष्करात शिकलेली,
बूट चकचकवताना शिव्यांपुरती.
मग इटालियन, दगडाच्या खाणीतली,
आणि तिच्या मागोमाग खाणीतले दोन मित्र.
गेल्या नाताळात जर्मन गेली.
मी समोरच बसलो होतो.
मी काहीतरी विचारलं, आणि त्यांनी माझ्याकडे
वाऱ्यानं आपटणाऱ्या दाराकडे पाहावं
तसं पाहिलं.

माझ्याकडे तेवढीच होती त्यांच्याशी बोलायला.
झुरिचला बिऱ्हाड हलवताना बाबा म्हणाले होते,
कपाट तिथे मावणार नाही,
आणि पोराच्या डोक्यावर ती भाषा तरी कशाला?
कपाट नंतर मावलं.

आता त्यांचं सगळं कळतं ते देओलिंदाला.
पोर्तुगालहून आली ती हॉटेलातल्या चादरी बदलायला,
आता वृद्धाश्रमात रात्रपाळी करते.
"अवघड काय त्यात?" मला म्हणते,
"ते म्हणतात पान, आम्ही म्हणतो पांव.
ते नाइव, आम्ही नेव्ह.
आमच्या किनाऱ्यावर बर्फ कधी पडला नाही,
शब्द मात्र होता घरात."
आणि त्यांच्या तळहातावर गोळ्या ठेवते:
ऊन, दुओस, त्राइस.
तेही म्हणतात मागून,
शाळेतल्यासारखे, थोडे खोटे घाबरून.

एक मार्चला चालांदामार्त्स.
निळे सदरे, लाल टोप्या, गळ्यात गुरांच्या घंटा,
मुलं हौदाभोवती फेऱ्या घालतात
आणि हिवाळ्याला गावाबाहेर हाकलतात.
सगळ्यात मोठी घंटा सगळ्यात मोठ्या मुलाची.
शाळेत नऊ मुलं उरलीत,
त्यात मोठा दुआर्ते, देओलिंदाचा.
चीजच्या दुकानात कुणी कुरकुरलंच.
मास्तरीण म्हणाली, बरं, तुमचा नातू पाठवा.
ते गप्प झाले. त्यांचा नातूही झुरिचलाच.

दुपारी तो घंटा घेऊन खोलीवर आला.
कॉरिडॉरमध्ये माणसं झोपलेली,
म्हणून घंटेच्या तोंडात
लोकरीचा एक राखाडी मोजा कोंबलेला.
आजोबांनी त्याला विचारलं,
ते काय, हे मलाही कळलं,
कारण गावात प्रत्येक पोराला तेच विचारतात:
तू कुणाचा रे?
"देओलिंदाचा," तो म्हणाला, त्यांच्याच भाषेत.
ते समाधानानं हुंकारले.
मग माझ्याकडे वळून तेच.

मला उत्तर माहीत होतं.
माझ्याजवळ ते तीन भाषांत होतं.
मी त्यांच्या मुलाचं नाव तेवढं घेतलं,
"चास्पर."
नुसतं नाव. पुढेमागे काही नाही.

त्यांनी घंटा मांडीवर ओढली,
आत हात घातला,
गाईच्या पोटातलं वासरू चाचपावं तसा,
आणि मोजा उपसून माझ्या हातात दिला.
मग वाजवली.
देवा, काय वाजवली!
पलीकडच्या खोलीतली आजी उठून बसली
आणि म्हणाली, गेला वाटतं हिवाळा.
देओलिंदा धावत आली, रागवायला,
आणि दारातच उभी राहिली.

संध्याकाळची गाडी. फेराइना बोगदा,
अठरा-एकोणीस मिनिटं नुसता काळोख.
पलीकडे निघालं की पाट्या जर्मन.
खिशात हात गेला तर मोजा,
परत करायचा राहिलेला, थोडा दमट.
काचेत माझाच चेहरा.
समोर कुणी नाही बघून
मी हळूच म्हणून पाहिलं:
ऊन.
दुओस.
पुढचा आठवेना.
बोगदा बराच बाकी होता.